आटणी धरून

राजारामपुरीत, काचेच्या दुकानात
तयार डेस्कटॉप होता अडतीस हजारांना.
माऊस फुकट, तीन वर्षांची वॉरंटी,
आणि मागच्या बाजूला नखाएवढं स्टिकर:
उघडल्यास वॉरंटी रद्द.

आण्णांनी चष्मा कपाळावर नेऊन ते दोनदा वाचलं.
"उघडायचंच न्हाई, मग दुरुस्त कोण करणार?
ह्यांचा बाप?"
काउंटरवरचा पोरगा हसला. मी नाही हसले.
मला सोमवारपासून कामाला बसायचं होतं.

आण्णा म्हणजे धोंडीराम सुतार, पॅटर्नवाले,
उद्यमनगरात एकतीस वर्षं.
पंपाची केसिंग, फ्लायव्हील, ट्रॉलीचा हब,
फाउंड्रीत जे जे लोखंडात ओतलं गेलं
ते आधी लाकडात त्यांच्या हाताखालून गेलं.
ओतीव निवताना आटतं,
म्हणून लाकूड नेहमी केसभर मोठं.
त्यांची फूटपट्टीसुद्धा वेगळी,
तिच्यावरचा फूट खऱ्या फुटापेक्षा लांब.
सातवीत त्या पट्टीनं भूमितीचा पेपर सोडवून
मी चाळीसपैकी नऊ आणले होते.

आता पॅटर्न स्क्रीनवर काढतात.
मी काढते. म्हणून तर कॉम्प्युटर.
हे घरात कुणी मोठ्यानं बोललं नव्हतं.

शेवटी सुटं सुटं घेतलं.
शाहूपुरीत जिन्याखालच्या दुकानातून मदरबोर्ड,
इचलकरंजीच्या बंद पडलेल्या कॅफेतला प्रोसेसर,
रॅम नवी, एसएसडी नवी,
कॅबिनेट मोमीनचाचांच्या भंगारातून अडीचशेला,
एक बाजू गायब.
पॉवर सप्लायपाशी मात्र आण्णा अडले.
"मोटार हलकी घेतली की मशीन रडतं."
चांगला घेतला. तिथं दोन हजार आटले.

मी वहीत मांडले होते एकोणतीस हजार.
त्यांनी शेजारी पेन्सिलीनं लिहिलं, तेहेतीस.
"आटणी धरावी पोरी. पैसा बी ओतीवच."
झाले पस्तीस हजार सहाशे दहा,
वर दोन रविवार, वर एक वाकलेली पिन,
जी त्यांनी आईच्या सुईनं सरळ केली, श्वास रोखून.
मी तोवर मोरीत जाऊन उभी.

पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी, मी सांगितलं होतं.
त्यांनी ग्रीससारखी थापली.
पुसली. परत लावली.
बटण दाबलं. पंखे फिरले. स्क्रीन काळी.
तासभर काळीच.
मला ते काचेचं दुकान आठवलं,
तो फुकटचा माऊस,
आणि मी जे बोलले ते बोलायला नको होतं.
लाकूड कापणाऱ्यानं लाकूडच कापावं, असं काहीतरी.

आण्णा काही म्हणाले नाहीत.
वाकून रॅमची पट्टी उपसली, अंगठ्यानं परत बसवली.
"खटके दोन हायत,
मघाशी आवाज एकच आलता."
टक्.
मग, जरा जोर लावल्यावर,
टक्.
उजेड आला तेव्हा त्यांचा चष्मा निळा झाला
आणि मिशीतला लाकडाचा भुसा दिसला.

गायब बाजूसाठी त्यांनी सागवानाची फळी रंधली.
सकाळी आणून लावली, तर
चारी कडांना दोन-दोन मिलिमीटर जास्त.
सवयीनं.
इथं काही ओतायचं नव्हतं, काही निवणार नव्हतं.
ते बराच वेळ त्या कडेवरून बोट फिरवत राहिले.
"थांब, तासून देतो."
म्हटलं, राहू दे, जेवून बघू.

दोन वर्षं झाली. त्या कडेला रोज ओढणी अडकते.
दुकानातलं ते मॉडेल आता येत नाही.
विचारलं होतं मी एकदा, जाता जाता, उगाच.